काटा एकशे वीसवर आणि मागे मी

अक्का,

माझं वय २५. जुळे सोलापुरात राहते, होटगी रोडवरच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. दिवाळीआधी साखरपुडा झाला, लग्न माघात आहे. मुलगा चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला. स्वभावानं चांगला, हे आधीच सांगते. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तीन दिवस तोच धावपळ करत होता.

पण गाडीवर बसला की वेगळाच माणूस होतो. मागच्या मंगळवारी आम्ही तुळजापूरला गेलो. नाका सोडला आणि काटा एकशे दहावर. मी खांद्यावर हात ठेवून "हळू घे ना" म्हटलं, तर हसला आणि एकशे वीसवर नेली. दर्शनाच्या रांगेत दोन तास उभी होते, तरी पाय थरथरत होते. परतताना अंधार पडला होता. उसाची ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसली. त्यानं ती डावीकडून काढली. माझा गुडघा उसाला घासला.

तो म्हणतो, "माझा हात बसलाय. आजवर एकदाही पडलो नाही. तूच घाबरट." आई म्हणते, "पोरं अशीच असतात, एक लेकरू झालं की गाडी आपोआप हळू होते." मैत्रीण म्हणते, मोडून टाक. इकडे हॉलवाल्याला आणि केटररला अ‍ॅडव्हान्स देऊन झालाय. एवढ्याशा कारणावरून कुणी लग्न मोडतं का, अक्का? की मी खरंच घाबरट आहे?

– जुळे सोलापूरची एक

*

बाई गं,

गुडघा उसाला घासला, इथपर्यंत वाचलं आणि मी पत्र खाली ठेवून चहा टाकला. मग उरलेलं वाचलं.

आधी तो घाबरटपणा निकालात काढू. तुझा हिशेबाशी रोजचा संबंध, म्हणून आकड्यांतच सांगते. ताशी ११० म्हणजे सेकंदाला तीस मीटर. समोर काही दिसलं की डोळ्यांनी मेंदूला कळवायचं, मेंदूनं हाताला, हातानं ब्रेक दाबायचा, यात तरण्या, सावध माणसाचाही एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी तीस मीटर पुढं. त्यानंतर कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर, थांबायला आणखी सत्तरेक मीटर. एकूण शंभराच्या घरात. हेच ६० च्या वेगाला सगळं मिळून सदतीस-अडतीस मीटरमध्ये आटपतं. वेग दुप्पटसुद्धा झालेला नाही आणि अंतर अडीच पटींहून जास्त. कारण ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. शाळेत हे सूत्र आपण सगळ्यांनीच पाठ केलं आणि पेपर देऊन विसरलो.

आता त्या संध्याकाळचं बघ. डिपरवर दुचाकीचा उजेड पुढं चाळीस-पन्नास मीटर पडतो. त्याला थांबायला शंभर लागणार. म्हणजे त्या ट्रॉलीमागं गाडी थांबवणं त्याच्या हातात नव्हतंच. राहिली होती ती फक्त बगल द्यायची जागा, आणि त्या क्षणी ती रिकामी होती. तिथं पंक्चर काढत बसलेला कुणी असता तर? कारखाने सुरू झाले की आपल्या जिल्ह्यात प्रत्येक रस्त्यावर हे असतंच: एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर आलेला ऊस. ट्रॉलीवाल्याची चूक आहे, शंभर टक्के आहे. पण ती चूक रस्त्यावर रोज असते, हे सोलापूरच्या पोराला माहीत नाही होय? हायवे चौपदरी आहे, मध्ये दुभाजक आहे, हे खरं. तरी पुढचा कट लांब पडतो म्हणून उलट्या बाजूनं येणारी मोटरसायकल त्याच रस्त्यावर भेटते. आणि कोजागिरीला तर त्याच रस्त्यानं अख्खं सोलापूर अनवाणी चालत जातं.

तेव्हा तुझे पाय थरथरले ते योग्यच थरथरले. त्याच्या हातात हँडल आहे, ब्रेक आहे, म्हणून त्याला वाटतं सगळं आपल्या ताब्यात आहे. तुझ्या हातात त्याचं जॅकेट. शिवाय तासभर वेगात गाडी चालवली की डोळे त्या वेगाला सरावतात, मग साठसुद्धा रांगल्यासारखं वाटतं. अशीच पोरं हायवेवरून गावात शिरल्यावरही तशीच सुसाट येतात. हैदराबाद रोडला संध्याकाळी विडी घरकुलाकडे परतणाऱ्या बायका डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडत असतात. ह्याचा हात बसलाय, मान्य. त्यांचा कुठं बसलाय?

"एकदाही पडलो नाही" याला मी पुरावा मानत नाही. वय किती त्याचं, अठ्ठावीस? सरकारी अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या ७१ टक्के मृत्यूंपुढं कारण लिहिलंय अतिवेग. त्यातल्या चालवणाऱ्यांना आदल्या दिवशी विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं. लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुवा बघितला असशील. तिथला गडी फळ्यांवरून आडवी गाडी फिरवतो, पण त्याला प्रत्येक फळी पाठ असते, समोरून ट्रॉली येत नाही, आणि तो आपल्या होणाऱ्या बायकोला मागं बसवून "घाबरट" म्हणत नाही.

बरं, एवढं करून वाचलं काय? सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. साठनं गेलात तर पाऊण तास. शंभरनं गेलात तर कागदावर सत्तावीस मिनिटं, आणि तामलवाडी, घाट, गावातली गर्दी धरली की त्याहून जास्तच. वाचलेली पंधरा मिनिटं तुम्ही दर्शनाच्या रांगेत दोन तास उभं राहून खर्च केलीत. आई भवानीनं काही तुम्हाला लवकर बोलावलं नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीला केंद्रानं ठरवलेली कमाल मर्यादा ८०, शहराच्या हद्दीत ६०. हेल्मेट मागं बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे. तुझ्या पत्रात हेल्मेटचा उल्लेखच नाही, म्हणजे डोक्याला ओढणी गुंडाळली होतीस, असं धरून चालते. ओढणी धुळीसाठी ठीक आहे. आणि निष्काळजीपणानं कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोकरीचं काय होईल ते त्याचं त्यानं बघावं.

पण खरं सांगू? मला एकशे दहाची तेवढी काळजी वाटत नाही. तरणी पोरं वेगात जातात, काहींना समज येते. माझं बोट अडकलंय ते तू सहज लिहून पुढं गेलीस त्या वाक्यावर. तू "हळू घे" म्हणालीस आणि त्यानं काटा वर नेला. तुझी भीती त्याला कळली, आणि कळल्यावर त्याला तिची गंमत वाटली. तू जिथं उतरू शकत नव्हतीस, तिथं. लग्नानंतर अशा जागा खूप येतात गं, जिथून चटकन उतरता येत नाही. पैशाचं, माहेरचं, मूल कधी हवं याचं. तिथं तू "हळू" म्हणालीस की तो काय करतो, हे आत्ताच बघून घे.

एका हसण्यावरून मी त्याला फासावर लटकवणार नाही. होणाऱ्या बायकोपुढं फुशारकी मारण्यात शहाणी पोरंही वेड्यासारखी वागतात, आणि तुझ्या आईसाठी तीन दिवस दवाखान्यात बसणारा मुलगा अगदी दगड नसावा. म्हणून एकदा नीट सांग. धावत्या गाडीवर नाही, तिथं ना त्याला ऐकू येतं ना तुला बोलता येतं. खांदा हलवणं, जॅकेट ओढणं तर अजिबात नको, त्यानं गाडी डगमगते. कंबर तलावाजवळ कुठंतरी गाडी स्टँडला लावून सांग. "मी घाबरट आहे" अशी सुरुवात करू नकोस. "त्या दिवशी मी हळू म्हणाले आणि तू वाढवलीस, ते मला आवडलं नाही," एवढंच. मग अटी सांग: दोन हेल्मेट, गावाबाहेर साठ, आणि मी एकदा म्हटलं की कमी, का ते न विचारता. सासूबाईंकडे इतक्यात जाऊ नकोस. आईमार्फत आलेला निरोप पोरं आईलाच परत करतात.

तुझ्याकडे स्कूटी आहे का? असली तर एक दिवस त्याला मागं बसव. जोरात चालवू नकोस, चाळीसनंच जा. हँडल हातात नसताना सात रस्त्याच्या सिग्नलला कसं वाटतं, ते त्याला बसू दे अनुभवायला. माझा अंदाज आहे, तो पायानं ब्रेक शोधेल.

आईचं म्हणशील तर त्यांना हॉलची काळजी आहे, चार माणसांची काळजी आहे, ती खोटी नाही. पण लेकरू होईपर्यंत थांबायचं, तर ते पोटात असताना तू त्याच सीटवर बसणार आहेस. त्यांना ट्रॉलीचं सांगितलंस का? मला वाटतं, गुडघ्याचं सांगितलेलं नाहीस. सांग.

आणि एवढं सगळं बोलूनही पुढच्या वेळी तो हसला, काटा वर गेला, तर तामलवाडीला उतर. रुसायचं नाही, रडायचं नाही, उतरायचं आणि एस. टी. ला हात करायचा. असं दुसऱ्यांदा झालं, तर हॉलच्या अ‍ॅडव्हान्सचा विचार करत बसू नकोस. बुडू दे.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमचे हे तरुणपणी स्कूटर अशी चालवायचे की अक्कलकोटच्या रस्त्याला माझी चप्पल एकदा मागं राहिली. थांबले नाहीत, म्हणाले नवी घेऊ. पुढच्या गावात लेव्हल क्रॉसिंगचं फाटक बंद होतं, तिथं मी उतरले, एका पायात चप्पल घालून एस. टी. नं घरी आले. तीन आठवडे घरात आमचं बोलणं मुलामार्फत चाललं होतं. चौथ्या आठवड्यात ते म्हणाले, चल, मंगळवार बाजारात जाऊन येऊ. त्या दिवशी त्यांनी इतकी हळू चालवली की एका केळीवाल्याच्या हातगाडीनं आम्हाला मागं टाकलं. मी काही बोलले नाही. चप्पल मात्र त्यांच्याच पैशांनी घेतली.

पुढच्या मंगळवारी जाणार असाल तर स्टँडवरून तुळजापूरच्या गाड्या दिवसभर सुटतात. त्यालाही घेऊन जा, आणि खिडकीची जागा तू धर.

– अक्का