मी तर बँकिंग शिकवायचे, मग मी कशी फसले?

मी समुपदेशक. ऑनलाइन फसलेली माणसं माझ्याकडे पैशांसाठी येत नाहीत. त्यासाठी पोलीस आहेत, बँक आहे. ती येतात झोप लागत नाही म्हणून, घरात सारखे खटके उडतात म्हणून, फोन वाजला की छातीत धडधडतं म्हणून. फसवणुकीचा विषय निघतो दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, तोही ‘तसं विशेष काही नाही, पण...’ अशा सुरात. मग जवळपास प्रत्येकाचा तोच प्रश्न येतो: माझी बुद्धी तेव्हा कुठे शेण खायला गेली होती?

वसुधाताईंना हा प्रश्न जरा जास्तच टोचत होता. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, त्यांच्या संमतीनेच लिहिते आहे.) नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर वाणिज्य शिकवून त्या निवृत्त झाल्या. रेखांकित धनादेश म्हणजे काय, पृष्ठांकन कसं करतात, हे बारावीच्या मुलांकडून घोटून घेतलेलं. सूनबाई त्यांना घेऊन आल्या तेव्हा तक्रार अशी होती की आई नातवावर विनाकारण ओरडतात, अनोळखी नंबर उचलत नाहीत आणि रात्री दोन-दोन वाजता उठून बँकेचं पासबुक चाळत बसतात.

झालं होतं असं. घर बदलून लहान फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. जेवणाचं टेबल, चार खुर्च्या आणि वॉशिंग मशीन विकायचं होतं. ताईंनी स्वतः फोटो काढले, नातवाकडून शिकून घेऊन स्वतः जाहिरात टाकली. टेबल-खुर्च्यांचे साडेआठ हजार. चहा उकळेपर्यंत पहिला फोन आला. ‘जय हिंद मॅडम.’ माणूस हिंदीत बोलत होता. लष्करात आहे, जम्मूहून देवळालीला बदली झाली आहे, कुटुंब पुढच्या आठवड्यात येतंय, घर लावायचंय. किंमत मान्य.

देवळाली म्हणजे तोफखान्याचं मोठं ठाणं. नाशिकमध्ये फौजी कुटुंबाला भाड्याने घर देणं, त्यांचं जुनं सामान विकत घेणं, यात नवल काहीच नाही. ताईंचा मामेभाऊ सैन्यातून निवृत्त झालेला. त्यात या माणसाने व्हॉट्सॲपवर ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो पाठवला. सैनिकावर संशय घ्यायचा? ताईंच्या शब्दांत, ‘मॅडम, मलाच लाज वाटली.’ असे भामटे गावागणिक जवळची छावणी शोधून ठेवतात. आपल्या मनातला आदर हेच त्यांचं भांडवल असतं. शिवाय फौजी म्हटलं की ‘मी स्वतः येऊ शकत नाही, ड्यूटीवर आहे, माझा माणूस गाडी घेऊन येईल’ हेही आपोआप पटतं.

आधी त्याने दहा रुपये पाठवले. खरेच पाठवले, खात्यात जमा झाले. ‘आले का मॅडम?’ ‘आले.’ मग एक क्यूआर कोड आला. ‘हा स्कॅन करा, रक्कम दिसेल साडेआठ हजार, पिन टाका, तुमच्या खात्यात जमा होतील.’ ताईंनी स्कॅन केलं, पिन टाकला, आणि साडेआठ हजार गेले. पलीकडचा माणूस त्यांच्यापेक्षा जास्त घाबरला. ‘अरे मॅडम, ये तो उल्टा हो गया! घाबरू नका, दोन्ही रकमा एकदम परत पाठवतो.’ दुसरा कोड सतरा हजारांचा. तेही गेले. तिसरा पंचवीस हजार पाचशेचा. ‘आता सगळं मिळून एकदम येईल.’ त्या व्यवहाराला खात्यातल्या शिलकीने नकार दिला, म्हणून ताई वाचल्या. या सगळ्यात त्याने फोन एकदाही ठेवू दिला नाही.

पहिल्यांदा चूक होणं समजतं, पण दुसऱ्यांदा का, असं ताईंच्या मुलाने नंतर विचारलं. बाहेरून बघणाऱ्याला ते कोडंच वाटतं. आतून मात्र तसं नसतं. साडेआठ हजार गेल्यावर माणूस विक्रेता राहतच नाही, तो गेलेले पैसे परत मिळवायला निघालेला असतो. आणि ते मिळवून देणारा जगात एकच माणूस त्या क्षणी फोनवर असतो, तोही आपल्याइतकाच कासावीस झालेला. सतरा हजारांचा कोड त्या घटकेला सुटकेची वाट वाटतो.

आठवडा उलटून गेला तरी ताईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. ‘आमच्या यांना’ तर नाहीच. टेबलाचं गिऱ्हाईक फिरकलं नाही, एवढंच घरात माहीत.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना विचारलं, तुमची एखादी विद्यार्थिनी अशी फसून तुमच्याकडे आली असती, तर काय म्हणाला असता? मला वाटलं होतं, म्हणतील जवळ घेतलं असतं. ताई फटकन म्हणाल्या, ‘चांगली फैलावर घेतली असती.’

‘आणि पुढच्या वेळी काही झालं असतं तर ती तुमच्याकडे आली असती?’

बराच वेळ त्या पर्सच्या चेनशी खेळत बसल्या. ‘नसती आली,’ म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो काय म्हणाला ते इथे लिहीत नाही. दोन दिवस घरात अबोला होता, एवढं पुरे. पण तिसऱ्या दिवशी तोच त्यांना स्कूटरवर बसवून सायबर पोलीस ठाण्यात घेऊन गेला.

इथे मला जरा तळमळून सांगावंसं वाटतं. लाज वाटणं स्वाभाविक आहे, पण तिची किंमत रुपयांत मोजावी लागते. १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे लगेच फोन केला, तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच ते अडवून ठेवायचा प्रयत्न होतो. भामट्याचं खातं बहुधा भाड्याने घेतलेलं असतं. त्यातून पैसे थोड्या वेळात दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात किंवा एटीएममधून निघतात. म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. फोनवर बँकेचं नाव, व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम विचारतात, ते समोर ठेवायचं. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवून पोच क्रमांक घ्यायचा. आपल्या बँकेलाही वेगळं कळवायचं. ‘एवढ्याशा रकमेसाठी पोलीस काय करणार’ हा विचार आला तरी तक्रार करायची, कारण त्याच खात्याविरुद्ध आणखी दहा जणांच्या तक्रारी असू शकतात.

बँक भरपाई देईल का, हे पुष्कळ जण विचारतात. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाला संरक्षण दिलं. त्याचा काही दोष नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर बोजा येत नाही. पण आपण स्वतः पिन टाकलेला असला तर बँक तो आपला निष्काळजीपणा धरते, आणि कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच माथी येतं. ताईंच्या बाबतीत तेच झालं. पैसे तोवर पुढे निघून गेले होते, आणि हे लिहीपर्यंत परत आलेले नाहीत. मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही.

एका भेटीत मी त्यांना फोन काढायला लावला. म्हटलं, मला एक रुपया पाठवा, पण पडद्यावरचा प्रत्येक शब्द मोठ्याने वाचत. (तो रुपया पुढच्या वेळी फीमधून वजा झाला. वाणिज्याच्या शिक्षिका त्या, आठवण त्यांनीच केली.) त्यांनी माझा कोड स्कॅन केला. वर माझं नाव आलं. मग रकमेची जागा. मग खाली ‘पे’. मग कोणत्या खात्यातून ते. मग पिन. ताई नावाशीच थबकल्या. ‘इथे घेणाऱ्याचं नाव येतं की!’ त्या दिवशीही आलं असणार, आणि ते ओळखपत्रावरच्या नावाशी जुळत नसणार. पण फोन स्पीकरवर होता आणि तो म्हणत होता, ‘जल्दी कीजिए मॅडम, सर्व्हर टाइमआउट हो जाएगा.’

मग मी त्यांच्या खात्यावर एक रुपया पाठवला. त्यांना काहीच करावं लागलं नाही. संदेश आला, पैसे जमा. स्कॅन नाही, पिन नाही. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही; भाजीवाल्याला रोज पैसे देणाऱ्या बाई त्या. पण माहीत असणं आणि घाईत आठवणं यात अंतर असतं, आणि सगळा गंडा त्या अंतरातच घातला जातो. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला किंवा स्वतःची शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला कधीच नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैशांची ‘मागणी’ पाठवायची सोय बंद झाली. त्यामुळे आता धोका टळला असं काही जण धरून चालतात. मागणीचा तो एक दरवाजा बंद झाला, क्यूआर कोडचा नाही.

पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं, यावर ताईंना मी ‘सावध राहा’ म्हटलं नाही. सावधपणा घाईत टिकत नाही, ठरवून ठेवलेलं वाक्य टिकतं. त्यांनी स्वतःचं वाक्य तयार केलं: ‘आमच्याकडे माल बघून रोख, नाहीतर माझ्या नंबरवर तुम्हीच पैसे पाठवा, कोड मी स्कॅन करत नाही.’ आणि समोरचा घाई करायला लागला की फोन ठेवायचा, दहा मिनिटांनी आपण करायचा. खरं गिऱ्हाईक दहा मिनिटं थांबतं. याची आम्ही चक्क रंगीत तालीम केली. मी फौजी झाले, ताई फोन ठेवायला शिकल्या. माणसाच्या तोंडावर फोन ठेवणं त्यांच्या पिढीतल्या बाईला किती जड जातं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पहिल्या दोन वेळा त्यांनी ‘बरं, ठेवू का मग?’ असं मलाच विचारलं.

तरुण विक्रेत्यांचे प्रसंग जरा वेगळे असतात. घरून दागिने करून विकणारी एक मुलगी माझ्याकडे येते. तिला गिऱ्हाइकाने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला, तिने माल कुरिअरला दिला, खातं कोरडंच. स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतो, बँकेच्या नावाचा एसएमएससुद्धा. असे बरेच बनावट संदेश साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येतात, ही खूण. पण खूण शोधत बसण्यापेक्षा स्वतःचं बँकेचं ॲप उघडून जमा रक्कम बघावी आणि मगच पार्सल बांधावं. दुसऱ्या वेळी तिच्याकडे माल परत आला, तो दुसराच, मोडका. आता ती पॅकिंग करतानाचा आणि परत आलेलं पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढते, कुरिअरच्या पावतीवरचं वजन टिपून ठेवते. ‘डिलिव्हरीला पैसे मोजणार’ म्हणणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाकडून जाण्यायेण्याचं भाडं तेवढं आधी घेते. दोन-चार गिऱ्हाइकं रुसतात. रुसू देत.

‘चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा’ हा प्रकार सगळ्यांत अवघड. बहुतेकदा पैसे आलेलेच नसतात, नुसता खोटा संदेश असतो. पण कधी खरेच येतात, आणि ते दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे असतात. ते तुम्ही त्याने सांगितलेल्या भलत्याच नंबरवर पाठवलेत की त्या साखळीतली एक कडी तुमचं खातं होतं. तक्रार झाली की खातं गोठवलं जाऊ शकतं, आणि सोडवायला हेलपाटे तुम्हालाच. अशा वेळी स्वतः परत पाठवू नका. बँकेला लेखी कळवा आणि आले त्याच खात्यात परत करायला सांगा.

जुना फोन विकताना सगळ्या खात्यांतून बाहेर पडून फॅक्टरी रिसेट करायचा. दुचाकी विकताना आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मालकी बदलेपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही, नाहीतर दंडाच्या पावत्या तुमच्याच नावाने येत राहतात.

वसुधाताईंनी वॉशिंग मशीनची जाहिरात टाकायला बराच वेळ घेतला. नवरा म्हणत होता, भंगारवाल्याला देऊन टाक, भीक नको पण कुत्रा आवर. ताईंनी ऐकलं नाही. जाहिरात टाकल्यावर एक फोन पुन्हा ‘जय हिंद’वाला आला. ताईंनी वाक्य म्हटलं, फोन ठेवला आणि तो नंबर ‘चक्षू’वर, म्हणजे संचारसाथी या सरकारी पोर्टलवरच्या संशयास्पद फोन कळवायच्या सोयीवर, कळवला. मग पंचवटीतून एक जोडपं आलं. त्यांनी मशीन फिरवून पाहिलं, ड्रमला हात लावून बघितला, सहा हजारांचे चार हजार आठशे करून घेतले, वर पाइप फुकट मागितला. पैसे यूपीआयनेच दिले. ताईंनी बँकेचं ॲप उघडून रक्कम बघितली, मगच टेम्पोवाल्याला आत घेतलं.

बाराशे रुपये कमी आले म्हणून नंतर त्या माझ्यापाशी बऱ्याच कुरकुरल्या. मी ऐकून घेतलं. अशी कुरकुर करायला येणारी माणसं मला फार आवडतात.