आरसीवर हायपोथिकेशन लिहिलंय, ट्रॅक्टर घ्यावा का?

प्रश्न : नमस्कार साहेब, मी आर्णी तालुक्यातला शेतकरी. बाजूच्या गावात एक सेकंडहँड ट्रॅक्टर साडेतीन लाखात ठरला, पन्नास हजार इसार देऊन झाले, पण आरसीवर बँकेचं नाव अन् हायपोथिकेशन लिहून हाय. मालक म्हणते चारच किस्ती बाकी हायेत, मी भरतो, तुम्ही बॉन्डवर लिहून घ्या अन् ट्रॅक्टर न्या. पेरणी तोंडावर हाय. काय करू?

उत्तर : भाऊ, उरलेले तीन लाख त्याच्या हातात देऊ नका, मग बाकीचं बोलू. सोनं तारण ठेवलं की दागिना बँकेच्या तिजोरीत जातो, हायपोथिकेशनमध्ये वस्तू कर्जदाराच्याच अंगणात राहते, तो वापरतो, नांगरटी करतो, पण तिच्यावर बँकेचा बोजा असतो. 2002 च्या सरफेसी कायद्यात (बँकांच्या कर्जवसुलीचा कायदा) व्याख्याही अशीच आहे, ताबा न देता जंगम मालावर चढवलेला बोजा. म्हणजे तुमचा सौदा दोघांचा दिसतो पण त्यात तिसरी पार्टी बँक आहेच, अन् तिची सही नसलेला बॉन्ड तिला बांधत नाही. किस्ती थकल्या तर बँक ट्रॅक्टरवर येणार, मग तो तुमच्या वावरात उभा का असेना. (वसुलीला गुंड पाठवायचे नाहीत हे सुप्रीम कोर्टाने 2007 मध्येच सुनावलंय, पण त्याने बोजा काही उतरत नाही.)

आता असं करा, मालकाला घेऊन बँकेत जा, आजची एकूण बाकी लेखी मागा, चार किस्ती म्हणते त्याच्यात दंडव्याज धरलंय का तेही दिसेल. तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा अन् पावती ठेवा, सौद्यातून वळती करा. त्याचं पीककर्ज त्याच बँकेत थकलेलं असलं तर एनओसी, म्हणजे बँकेचं ना-हरकत पत्र, अडकू शकते, म्हणून पैसे भरायच्या आधीच हे विचारा! मग बँकेची एनओसी, बोजा उतरवायच्या फॉर्म 35 वर मालक अन् बँक दोघांच्या सह्या, अन् नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, हे सगळं यवतमाळच्या आरटीओत.

मालकालाही सांगा, आरसी त्याच्या नावावर राहिली अन् तुमच्या हातून अपघात झाला तर भरपाईचा दावा त्याच्यावरच येतो, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये हेच धरलं. हे ऐकून तो स्वतःच बँकेत यायची घाई करेल. इन्शुरन्सच्या कागदावरही बँकेचं नाव असेल, तेही काढून घ्या.