ऑपरेशन लहानपणीच झालं, मग आता एमआरआय कशाला?

प्रश्न : मी ३७ वर्षांची, इंदूरला रामबागेत राहते, बँकेत नोकरी करते. मला जन्मतः हृदयाचा दोष होता, टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो. पाच वर्षांची असताना मुंबईला मोठं ऑपरेशन झालं. त्याआधी तान्ही असताना एक छोटं झालं होतं असं आई सांगते. उजव्या काखेखालून पाठीकडे जाणारा व्रण आहे. मला त्रास काहीच नाही, बँकेचे दोन जिने रोज चढते. अधूनमधून इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, त्यात ‘उजवी बाजू थोडी मोठी’ एवढंच असतं. आता नव्या डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय सांगितलाय. सासूबाई म्हणतात, झालं गेलं उकरून कशाला काढायचं? शिवाय छातीत तारा आहेत, त्या चुंबकाने ओढल्या जाणार नाहीत का? बंद जागेत जीव घाबरतो ते वेगळंच.

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि एमआरआय करून घ्या.

फॅलोच्या ऑपरेशनमध्ये खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र बुजवतात आणि फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोकळी करतात. ही वाट रुंद करताना पुष्कळदा झडपेवरूनच पॅच घालावा लागतो. मग झडप नीट मिटत नाही. पुढे ढकललेल्या रक्तातलं काही उजव्या कप्प्यात परत येतं. कप्पा हे वर्षानुवर्षं मुकाट सोसतो, हळूहळू सैलावतो, आणि माणूस आपला जिने चढत राहतो. म्हणून ‘त्रास काहीच नाही’ हे ऐकून मला बरं वाटतं, पण त्यावर मी विसंबत नाही.

इकोला मी नावं ठेवणार नाही, त्यावरच माझी हयात गेली. पण उजवा कप्पा छातीच्या हाडाच्या अगदी मागे, डाव्याला वेढून बसलेला, आकाराने वेडावाकडा. डाव्याचं माप सूत्रात बसवता येतं, उजव्याचं बसत नाही. त्यात मोठ्या माणसाची छाती आणि मध्ये फुप्फुसातली हवा. मग रिपोर्टात आकडा येत नाही, ‘थोडी मोठी’ येतं. मीही असं कितीदा लिहिलंय!

एमआरआयमध्ये दुधीच्या चकत्या कराव्यात तशी हृदयाची आडवी चित्रं घेतात, प्रत्येकीत कप्प्याची कड आखतात आणि सगळ्यांची बेरीज करतात. उत्तर मिलिलिटरमध्ये येतं. झडपेतून किती रक्त पुढे गेलं आणि किती मागे आलं, तेही मोजता येतं. गळती मोठी असेल आणि पूर्ण भरलेला कप्पा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १६० मिलिलिटरपर्यंत, किंवा आकुंचन पावल्यावर ८० पर्यंत पोचला असेल, तर त्रास नसतानाही नवी झडप बसवण्याचा विचार सुरू होतो. मात्र एकाच आकड्यावर कुणी ऑपरेशन ठरवत नाही. दोन-तीन वर्षांनी पुन्हा मोजल्यावर तो कुठे सरकला हे बघायचं असतं. त्यासाठी पहिला आकडा हाताशी हवा, आणि तुमच्याकडे अजून तोच नाही.

तारांची काळजी सोडा. छातीचं हाड शिवलेल्या स्टीलच्या तारा एमआरआयमध्ये हलत नाहीत. चित्रात त्यांच्या जागी काळा डाग दिसतो, एवढंच. पेसमेकर असता तर गोष्ट वेगळी, तो कोणत्या जातीचा आहे हे आधी बघावं लागतं. मंगळसूत्र, बांगड्या आणि पदराची सेफ्टी पिन मात्र बाहेर. ही पिन बायका हमखास विसरतात.

पाऊण ते एक तास लागतो. आपल्या इंदुरात आतून आवाज हिंदीत येणार, ‘सांस छोड़िए… रोकिए’. श्वास सोडून दहा-पंधरा सेकंद थांबायचं, पुन्हा पुन्हा. घरी चार दिवस सराव करा. श्वास हलला की चित्र हललं. भीतीवर माझा तोडगा असा, की टेबल आत सरकण्याआधीच डोळे मिटायचे, आत गेल्यावर नव्हे. हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की माणूस येतो. कप्प्याचं माप आणि गळती इंजेक्शनशिवायही कळते. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात ते मुख्यतः स्नायूतले व्रण बघायला. किडनीचा त्रास असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर आधीच सांगा.

आता तुमच्या पाठीवरच्या व्रणाकडे येते, कारण पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. तो बहुधा ब्लॅलॉक-टॉसिग शंटचा असावा. फुप्फुसाला रक्त पुरावं म्हणून हाताकडे जाणारी रक्तवाहिनी तिकडे जोडायची, हे ऑपरेशन १९४४ साली बाल्टिमोरला प्रथम झालं. मूळ पद्धतीत ती रक्तवाहिनी कापूनच वळवत, पुढे मधे नळी घालू लागले. मूळ पद्धतीचा शंट असेल तर त्या हाताचं ब्लडप्रेशर खोटं कमी येतं, म्हणून ते डाव्या हाताचं घ्यायला सांगा. शिवाय जोड होता तिथे फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीची उजवी शाखा अरुंद झालेली असू शकते. मशीनवर बसलेल्याला हे ठाऊक नसेल तर तो तिकडे नीट बघेलच असं नाही. आईच्या कपाटातलं मुंबईचं डिस्चार्ज कार्ड शोधा, पिवळं पडलं असलं तरी. सापडलं नाही तर त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाला वर्ष आणि माहेरचं नाव कळवा. कार्डाची प्रत एमआरआयच्या चिठ्ठीला टाचा.

प्रश्न : वय ४९, मुक्काम महू. इकोत उजवी बाजू मोठी दिसते पण छिद्र सापडत नाही. आता घशातून नळी घालून इको करायचा म्हणतात. छिद्र नाहीच, तर शोधायचं काय?

उत्तर : नाही असं कुणी म्हटलेलं नाही, दिसलं नाही, इतकंच. वरच्या दोन कप्प्यांमधलं एक छिद्र अगदी वर, डोक्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेच्या तोंडाशी असतं. छातीवरून केलेल्या इकोत ते सहज निसटतं. अन्ननलिका हृदयाला पाठीमागून चिकटून जाते, त्यामुळे तिथून ते दिसतं. या छिद्रासोबत बहुधा उजव्या फुप्फुसाची एखादी शीर भलतीकडे उघडलेली असते. तिचा माग काढायला सीटी किंवा एमआरआय लागेल. सीटी काही सेकंदांत होतो, पण त्यात किरणोत्सर्ग असतो, एमआरआयमध्ये नसतो. छिद्र बुजवायचं छत्रीसारखं उपकरण सरसकट प्रत्येक छिद्राला बसत नाही, या जागेच्या छिद्राला सहसा नाहीच, म्हणून आधी नकाशा पक्का करायचा.

तपासणीआधी सहा तास पोटात काही नको, म्हणजे सकाळचे पोहेही नकोत. घसा स्प्रेने बधिर करतात, तो उतरेपर्यंत पाणीसुद्धा पिऊ नका, ठसका लागतो. गुंगीचं औषध देतात, तेव्हा महूहून कुणाला तरी सोबत आणा आणि येताना-जाताना गाडी त्याच्याच हाती द्या.