सिगारेटचे पाकीट आणि ट्रेडमार्कचा हक्क

प्रश्न : ऑस्ट्रेलियात सिगारेटच्या पाकिटावर कंपनीला स्वतःचे बोधचिन्ह छापता येत नाही, असे वाचनात आले. नोंदणीकृत ट्रेडमार्क ही मालमत्ता असून तिला आंतरराष्ट्रीय करारांचे संरक्षण आहे. मग आरोग्याच्या कारणावरून सरकार तिचा वापर कसा रोखू शकते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नोंदणीमुळे मालकाला नेमके काय मिळते, हे आधी पाहिले पाहिजे. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स (बौद्धिक संपदेच्या हक्कांविषयीच्या) कराराचे कलम 16 मालकाला आपले चिन्ह इतरांनी वापरू नये यासाठी त्यांना रोखण्याचा हक्क देते. ते स्वतःला हवे तेथे, हवे तसे वापरता येईल, अशी हमी देत नाही. मात्र समर्थनीय कारणाशिवाय चिन्हाच्या वापरावर विशेष अटी लादू नयेत, असे कलम 20 सांगते आणि वादाचे मूळ तेथेच आहे.

1 डिसेंबर 2012 पासून नव्या कायद्यानुसार ऑस्ट्रेलियातील दुकानांत सर्व पाकिटे एकाच गडद, मळकट तपकिरी रंगात आली. ब्रँडचे नाव ठरावीक अक्षरांत उरले. वापर थांबला म्हणून नोंदणी रद्द होऊ नये, याची तरतूदही त्याच कायद्यात केलेली होती आणि माझ्या मते ती फार विचारपूर्वक केलेली होती. सरकारला यातून कोणतीही मालमत्ता मिळालेली नाही, असे सांगून तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2012 मध्ये कंपन्यांचे आक्षेप फेटाळले. होंडुरास, डॉमिनिकन प्रजासत्ताक, क्युबा व इंडोनेशिया यांच्या तक्रारींवर जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा निवारण मंडळाच्या पॅनेलने 2018 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बाजूने निष्कर्ष दिला. पहिल्या दोन देशांचे अपीलही 2020 मध्ये निष्फळ ठरले. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने तर वाद डोळ्यांसमोर दिसत असताना ऑस्ट्रेलियातील व्यवसायाची मालकी हाँगकाँगच्या कंपनीकडे वळवून गुंतवणूक कराराखाली दावा लावला. तो हक्काचा गैरवापर असल्याचे लवादाने 2015 मध्ये ठरवले, त्यामुळे मूळ प्रश्नाचा निवाडा तेथे झालाच नाही.

म्हणजे आरोग्याचे नाव घेतले की सरकारला मोकळे रान मिळते, असे नाही. अटींमागची कारणे पुराव्यानिशी मांडावी लागतात. भारतात 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर इशारा असतो आणि ब्रँडला उरलेली जागा मिळते. याहून पुढे जायचे ठरवल्यास ट्रिप्स करार आडवा येईल असे मला वाटत नाही. परंतु सुट्या सिगारेटची विक्री चालू आहे तोवर पाकिटावरचा कोणताही इशारा ती घेणाऱ्याच्या हाती पडणार नाही, आणि तो प्रश्न ट्रेडमार्कच्या कायद्याने सुटण्यासारखा नाही.