चर्च गाळलं की खलनायकाचं कारणही जातं

कादंबरीवरून चित्रपट करताना धंद्यासाठी धर्माचा भाग वगळला तरी गोष्ट तीच राहते ना, असा प्रश्न आहे. राहत नाही. 'द गोल्डन कंपास' (२००७) बघा. मूळ कादंबरी फिलिप पुलमन यांची 'नॉर्दर्न लाइट्स' (१९९५), तीन पुस्तकांच्या मालिकेतली पहिली.

त्या जगात प्रत्येकाचा आत्मा प्राण्याच्या रूपात बरोबर वावरतो. त्याला डीमन म्हणतात. मुलांचा डीमन सतत रूपं बदलतो, वयात येताना एकाच रूपात स्थिरावतो, आणि तेव्हापासून माणसावर 'डस्ट'चे कण जमू लागतात. चर्चच्या लेखी हा आदिपापाचा पुरावा. म्हणून मुलं त्याआधीच पळवायची आणि डीमनपासून कापून वेगळी करायची. हे करणाऱ्या मंडळाच्या नावात 'ऑब्लेशन' शब्द आहे. मध्ययुगात आईबाप मूल मठाला देऊन टाकत, त्यावरून तो आला. आपल्याकडे खंडोबाला मूल वाहत, तसंच. अख्खा हेतू त्या एका शब्दात आहे.

चित्रपटात मॅजिस्टेरियम, म्हणजे त्या चर्चची सत्ता चालवणारी यंत्रणा, उरलं, पण नुसती हुकूमशाही संस्था म्हणून. पूर्वजांनी सत्तेची आज्ञा मोडली, एवढंच मोघम कारण कानावर पडतं. तेवढ्यासाठी कोणी मुलं कापेल हे पटत नाही. शेवटची तीन प्रकरणंही चित्रित होऊन गाळली गेली. त्यांत लॉर्ड एज्रिएल त्याच्या मुलीला, म्हणजे नायिका लायराला, त्यांच्या बायबलमधली फळ खाण्याची गोष्ट वाचून दाखवतो, आणि मग तिचा मित्र रॉजर याचा बळी जातो. शेवट आशादायक हवा म्हणून हे कापलं. पुस्तकात नंतर येणारी अस्वलांची झुंजही बोल्व्हांगरच्या, म्हणजे मुलं कापायच्या केंद्रातल्या प्रसंगाच्या, आधी आणली.

आणि मिळालं काय? एवढं करूनही अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने बहिष्कार पुकारलाच: चित्रपट पाहून मुलं चर्चविरोधी पुस्तकांकडे वळतील म्हणून. पुस्तकाचे चाहतेही नाराज. सुमारे १८ कोटी डॉलर खर्च, अमेरिकेत कमाई जेमतेम ७ कोटी. परदेशात जोरात चालला, पण न्यू लाइन या निर्मिती कंपनीने तिथले वितरणाचे हक्क आधीच विकले होते. पुढचे भाग निघालेच नाहीत.

पटकथा लिहिणाऱ्यांनी कात्री लावण्याआधी खलनायकाच्या प्रत्येक कृतीपुढे 'कशासाठी?' लिहावं. उत्तरात श्रद्धा येत असेल, तर संस्थेचं नाव बदला, पोशाख बदला, पण ती समजूत काढू नका. ती काढायचीच असेल, तर तेवढंच भक्कम दुसरं कारण आधी तयार ठेवा.

याच पुस्तकांवरची २०१९ ची बीबीसी-एचबीओ मालिका 'हिज डार्क मटेरियल्स' पाहा. तिने धर्म ठेवला, रॉजरचा मृत्यू पहिल्याच सीझनमध्ये दाखवला, आणि तीन सीझनमध्ये तिन्ही पुस्तकं पूर्ण केली.