मिडीमध्ये व्हायोलिनचा आवाज हळूहळू कसा चढवायचा?

तुम्ही म्हणता, मिडीत, म्हणजे संगणकाला सूचना देऊन वाद्य वाजवताना, चार मात्रांच्या लांब सुरावर व्हेलॉसिटी वाढवूनही आवाज चढत नाही. चढणारच नाही. व्हेलॉसिटी म्हणजे सूर सुरू होतानाचा आघात. तो एकदाच ठरतो. पियानोला ते पुरतं, पण व्हायोलिनवाला गज ओढता ओढता आवाज फुलवतो. त्यासाठी कंट्रोलर ११, म्हणजे सूर चालू असताना आवाज कमीजास्त करणारं एक्स्प्रेशन वापरा. ० ते १२७ च्या पट्टीवर ४० पासून सुरू करा, तीन मात्रा सावकाश चढा आणि शेवटच्या मात्रेत ११० गाठा. सरळ रेघ ओढलीत तर कुणी रेडिओचं बटण फिरवतंय असं वाटतं.

पण नुसतं एक्स्प्रेशन पुरत नाही. खरं वाद्य जोरात वाजलं की त्याचा पोतही बदलतो. ट्रम्पेट तर चक्क झळाळतं. बहुतेक ऑर्केस्ट्रा लायब्ररींत, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संग्रहांत, हा बदल कीबोर्डवरच्या मॉड व्हील या चाकावर, म्हणजे कंट्रोलर १ वर असतो. आधी तो हातानेच फिरवून रेकॉर्ड करा, मग एक्स्प्रेशनने बारीक सफाई. कंट्रोलर ७, म्हणजे वाद्याचा एकूण आवाज, मिक्सिंगसाठी राखून ठेवा.

सगळी वाद्यं एकदम चढवू नका. आधी चेलो, मग व्हिओला, ट्रम्पेट अगदी शेवटी. मला तरी तेच खरं वाटतं. आणि पुढच्या भागाआधी कंट्रोलर खाली आणा, नाहीतर तो भाग ११० वरच सुरू होईल.