वापरलेल्या कार्बनचे पुनरुज्जीवन: या विषयात करिअर होईल का?

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी रसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पाणी शुद्धीकरणात वापरून निकामी झालेला सक्रिय कार्बन (असंख्य सूक्ष्म छिद्रे असलेला कोळसा) विजेच्या साहाय्याने पुन्हा वापरण्याजोगा करणे, या विषयात तिला पुढे शिकायचे आहे, असे आपण कळवले आहे. एवढ्याशा विषयावर सारे आयुष्य बेतावे का, ही आपली शंका रास्त आहे. विषय मात्र किरकोळ नाही.

एक ग्रॅम सक्रिय कार्बनच्या छिद्रांतील पृष्ठभाग साधारणतः 500 ते 1500 चौरस मीटर भरतो. तो दूषकांनी व्यापला की कार्बन टाकून तरी द्यावा लागतो, नाहीतर 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीत वाफेच्या संपर्कात भाजावा लागतो. अशा प्रत्येक फेरीत त्याचा काही भाग जळून किंवा झिजून जातो आणि भट्टी मोठ्या प्रमाणावरच परवडत असल्याने वाहतुकीचा खर्चही येतो. विद्युतरासायनिक पद्धतीत हे काम नेहमीच्या तापमानाला, जागच्या जागी, मिठाच्या द्रावणात करता येते. ऋणाग्राजवळ सामू (pH) वाढल्यामुळे फिनॉलसारखी दूषके कार्बनपासून सुटतात आणि धनाग्रापाशी तयार होणारी ऑक्सिडीकारक द्रव्ये त्यांचे विघटन करतात.

हे कागदावर जितके सोपे वाटते तितके नाही. फिनॉलच्या एका रेणूचे पूर्ण ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड बनताना 28 इलेक्ट्रॉन निघतात. म्हणजे एका ग्रॅम फिनॉलसाठी 1 अँपिअरचा प्रवाह, काहीही वाया न जाता, सुमारे 8 तास द्यावा लागेल. प्रत्यक्षात बरीच वीज पाण्याच्याच विघटनात खर्ची पडते. शिवाय मिठातील क्लोराइडमुळे क्लोरीनयुक्त उपद्रवी संयुगे तयार होऊ शकतात, छिद्रांच्या तळाशी बसलेले रेणू फार सावकाश बाहेर येतात आणि कार्बनच्या दाण्यांच्या जाड थरात विद्युतविभव (विजेचा दाब) सर्वत्र सारखे राहत नाही. माझ्या मते ही शेवटची अडचण निव्वळ रसायनशास्त्राच्या बळावर सुटणारी नाही.

म्हणूनच तिने पदव्युत्तर शिक्षणासाठी रासायनिक अभियांत्रिकीकडे झुकणारा अभ्यासक्रम किंवा विद्युतरसायनशास्त्राचा भक्कम पाया देणारा विभाग निवडावा. नेमका हा विषय प्रबंधापुरता ठेवावा. याच नावाच्या नोकऱ्या थोड्याच निघतील, पण अधिशोषण (पृष्ठभागावर रेणू चिकटून राहणे), इलेक्ट्रोड, अभिक्रियापात्राची रचना आणि पाण्याचे पृथक्करण ज्याला येते, त्याला सांडपाणी प्रक्रिया, बॅटरी आणि विद्युतविलेपन या क्षेत्रांतही काम मिळते.

तत्पूर्वी तिने स्वतःची एक परीक्षा घ्यावी. ताजा आणि निकामी कार्बन डोळ्यांना सारखाच काळा दिसतो; फरक कळतो तो चंचुपात्रातील मिथिलीन ब्लूचा निळा रंग किती उतरला यावरून. कार्बन त्या रंगाने भरावा, विजेने मोकळा करावा, धुवावा, वाळवावा, वजन करावे आणि हे पाच वेळा करून दर वेळची क्षमता मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली हे लिहून ठेवावे. पहिल्या फेरीचा आकडा बहुतेकांना सुखावतो; चौथ्या-पाचव्या फेरीत तो घसरला, तर तो का घसरला हे शोधण्यात तिला रस वाटतो की कंटाळा येतो, हे आपण जवळून पाहावे. विभाग निवडतानाही तिने तेथील मार्गदर्शकांना त्यांच्या प्रयोगांत किती फेऱ्यांपर्यंतच्या नोंदी ठेवल्या जातात, हे आधी विचारावे.